एकीच्या पिंजऱ्यात दुसरी

आज बोलायचं आहे सशांबद्दल. शेळ्या-कोंबड्या सोडून ही आज सशांवर कुठे घसरली, असं काहींना वाटेल. पण आपल्या श्रीवर्धनात मुलांच्या हौसेखातर बऱ्याच घरांत ससे आले आहेत, आणि दोन माद्या एकत्र ठेवायला गेलं की काय होतं ते मी माझ्याच पडवीत पाहिलं आहे.

आमच्याकडे आधी एकटी कापशी होती. वर्षभराने लेकीने दुसरी आणायला लावली. तिचा रंग सुपारीसारखा, म्हणून नाव ठेवलं रोठी. कापशीला सोबत झाली या आनंदात मी रोठीला उचललं आणि सरळ कापशीच्या पिंजऱ्यात सोडलं. मिनिटभरही गेलं नसेल. केसांचे पुंजके उडाले, किंचाळी ऐकू आली (ससा किंचाळतो हे मला तोवर ठाऊकच नव्हतं) आणि रोठीचा कान टोकाला फाटला. लेक रडायला लागली. चूक कापशीची नव्हती, माझी होती.

आपण दोघांनाही ससाच म्हणतो, पण आपल्या रानातला ससा आणि पाळीव ससा वेगळे. रानातला उघड्यावर, गवतात, बहुतेक एकटा राहतो. त्याची पिल्लं जन्मतःच केसाळ आणि डोळे उघडे असलेली असतात. (तो पकडून आणू नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने ते मना आहे.) पाळीव ससा मूळचा युरोपातला, स्पेनकडचा. तो बिळात, कळपाने राहतो. त्याची पिल्लं उघडी आणि आंधळी जन्मतात, म्हणून चांगल्या बिळावाचून वंश टिकत नाही. हे बीळ मादी खणते, मादीच राखते आणि त्यासाठी दुसऱ्या मादीच्या अंगावर जाते. आपला पिंजरा म्हणजे तिच्या लेखी बीळच. ती हनुवटी घासते ना कोपऱ्याकोपऱ्यावर? हनुवटीखालच्या ग्रंथींचा वास लावून ती सांगत असते, की ही जागा माझी.

म्हणून दोघींची गाठ अशा जागी घालायची, जी दोघींपैकी कुणाचीच नाही. पण ते नंतर. आधी दोन्ही माद्याच आहेत ना, हे जनावरांच्या डॉक्टरांकडून बघून घ्या. लहान पिल्लांत विकणाराही फसतो, आणि एक नर निघाला तर साधारण महिनाभरात पिल्लं. नवीन आलेलीला दोन आठवडे लांब ठेवा, खरूज किंवा सर्दी असेल तर कळेल. मग दोन पिंजरे शेजारी-शेजारी ठेवा, मध्ये चार बोटं अंतर सोडून. जाळीला जाळी लावलीत तर नाकं चावतील. रोज एकीचं अंथरलेलं गवत दुसरीकडे टाका. वासाची ओळख आधी, तोंडओळख मागाहून.

जमत असेल तर दोघींचं गर्भाशय काढण्याचं ऑपरेशन करून घ्या. भांडखोरपणा पुष्कळ उतरतो. शिवाय वय वाढलं की माद्यांना गर्भाशयाचा कर्करोग बऱ्याचदा होतो, तोही टळतो. मात्र सशाला भूल देणं नाजूक काम असतं, सशांची सवय असलेलाच डॉक्टर शोधा. ऑपरेशननंतर महिना-दीड महिना जाऊ द्या. आणि एखादी छातीचे केस उपटून घरटं करत असेल तर थांबा. पोटात पिल्लं नसतानाही माद्यांना तसे डोहाळे लागतात, साधारण १६ ते १८ दिवस. तेव्हा ती कुणालाच जवळ येऊ देत नाही.

पहिली भेट आम्ही न्हाणीघरात घातली. लादीवर गोणपाट अंथरलं, कारण पाय घसरला की ससे बिथरतात. सकाळचा गारवा बघून, दहाच मिनिटं. हिरव्या गवताचे दोन ढीग लांब लांब ठेवले. एकीने दुसरीच्या मागे पळणं, पाठीवर चढणं, थोडे केस ओढणं चालायचंच. त्यावरून कोण वरचढ ते ठरतं. पण शेपट्या वर करून, कान मागे पाडून दोघी गोल गोल फिरू लागल्या की लढाई आलीच. तेव्हा हात घालू नका, हाडापर्यंत चावा बसतो. सूप मध्ये सारा. मी केरसुणी घातली होती. तीही चालली.

रोज थोडा वेळ वाढवायचा. शेजारी बसून खाऊ लागल्या, एकमेकींचं कपाळ चाटू लागल्या, अंगाला अंग लावून लोळल्या, की निम्मं काम झालं. मग पिंजरा धुऊन, सामानाची जागा बदलून, दोघींना एकदमच आत सोडा. आम्हाला हे जमायला जवळजवळ दोन महिने लागले. कुणाला तीन आठवडे लागतात, कुणाचं कधीच जमत नाही. नाही जमलं तर शेजारचे दोन पिंजरेही सोबतच आहेत, उगाच रक्त काढू नका. या दिवसांत खाण्यावर लक्ष असू द्या. बारा तास काही खाल्लं नाही, लेंड्या पडल्या नाहीत, तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता डॉक्टर गाठा.

आणि एकदा जोडी जमली, की दवाखान्यात एकीला न्यायचं असलं तरी दोघींना न्या. एकटी गेलेली दवाखान्याचा वास घेऊन परत येते, आणि घरची तिला परकी समजून पुन्हा अंगावर जाते. आम्ही रोठीचा कान दाखवायला जातो तेव्हा एकाच टोपलीत दोघी असतात.