मूल बोलत नाही? वाट पाहू नका

‘याचे बाबाही चार वर्षांचे होईपर्यंत बोलत नव्हते,’ असे म्हणून घरातली वडीलधारी मंडळी आईला धीर देतात. माझ्या दवाखान्यात हे वाक्य मी कित्येकदा ऐकतो. काही मुले खरोखरच उशिरा बोलतात. पण दोन वर्षांचे मूल बोलत नाही, शिवाय हाक मारल्यावर वळून पाहत नाही, नजरेला नजर देत नाही, हवी ती वस्तू बोटाने दाखवत नाही, खेळण्यातल्या गाडीचे चाकच फिरवीत बसते, अशा वेळी वाट पाहणे योग्य नव्हे. ही स्वमग्नतेची, म्हणजे ऑटिझमची लक्षणे असू शकतात.

१९४३ साली डॉ. लिओ कॅनर यांनी या अवस्थेचे सविस्तर वर्णन केले. मेंदूची वाढच येथे निराळ्या पद्धतीने होते. आईचे दुर्लक्ष, फाजील लाड किंवा लस ही तिची कारणे नव्हेत. लशीशी संबंध जोडणारा १९९८ चा लेख ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला.

प्रथम कानांची तपासणी करून घ्यावी. ऐकू येत नसेल तरी मूल बोलत नाही. स्वमग्नता बरी करणारे औषध नाही. फिट्स, झोप न लागणे किंवा अतिचिडचिड यांसाठी औषधे लागू शकतात. मुख्य उपचार शिकवण्याचाच.

वर्तनोपचारात प्रत्येक कामाच्या लहान पायऱ्या करतात. बनियन घालणे शिकवायचे तर डोके व हात आपण घालून द्यावेत, शेवटी खाली ओढण्याचे काम मुलाने करावे. जमले की लगेच शाबासकी द्यावी. ते पक्के झाले की त्याआधीची पायरी घ्यावी. मूल आदळआपट करते तेव्हा त्याच्या आधी काय घडले, हे लिहून ठेवावे. पुष्कळदा कुकरच्या शिट्टीसारखे साधे कारण सापडते. मारून काही साधत नाही. वाचोपचारात शब्दांबरोबरच खुणा आणि चित्रे वापरायला शिकवतात. ऑक्युपेशनल थेरपीत हातांची कामे, तसेच स्पर्श व आवाज सहन करणे यांवर भर असतो.

हे सारे मिळते कोठे? २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची सोय आहे. जिल्हा रुग्णालयात ‘डीईआयसी’ असे विचारावे. अंगणवाडीत तपासणीसाठी येणारे पथकही तेथे चिठ्ठी देते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे, म्हणून प्रमाणपत्र काढून घ्यावे. त्याच्या आधारे ‘निरामय’ या आरोग्य विमा योजनेत नाव नोंदवता येते.

खेड्यातून आठवड्याला एक फेरी मारतानाही एक दिवसाची मजुरी बुडते, हे मी जाणतो. म्हणून थेरपिस्ट काय करतात ते शेजारी बसून पाहावे, आणि आंघोळ, जेवण, खेळ यांच्या वेळी रोज घरी तेच करावे. आजी-आजोबांनाही शिकवावे. ‘हमखास बरे करतो’ म्हणून मोठी रक्कम मागणाऱ्यापासून दूर राहावे.

निदान पक्के होण्यास वेळ लागला, तरी शिकवणे त्याआधीच सुरू करता येते. मूल पुढे आपोआप बोलू लागले, तर त्यात काहीच तोटा नाही. मात्र थांबण्यात वाया गेलेली ही वर्षे परत मिळत नाहीत.