तहानलेल्या गुरांस पाणी कसे पाजावे

तलासरीकडे वैशाखात विहीर आटली म्हणजे गुरांस दोनदोन दिवस पुरते पाणी मिळत नाही. मग मिळाले की आपण त्यांस एकदम सोडतो. त्यात धोका आहे.

मज्जातंतूंतून मेंदूची आज्ञा विजेच्या लहरीसारखी धावते. मिठातील सोडियम तंतूबाहेर पुष्कळ, आत थोडे असते. तंतू चेतला की ते आत शिरते, मग पोटॅशियम बाहेर पडते, आणि लहर पुढे सरकते. हे सर्व त्या क्षारांच्या प्रमाणावर अवलंबून.

पाणी तुटले की रक्त खारावते. मेंदू ते ओळखून मूत्रपिंडांकडून पाणी राखवितो. म्हणून मूत थोडे व गडद होते. तहान लांबल्यास मेंदूच्या पेशीही खारावतात. अशा वेळी पोटभर पाणी मिळाले तर ते त्या पेशींत शिरून मेंदू सुजतो. जनावर झोकांड्या खाते, आंधळ्यासारखे भिंतीस धडकते, झटके येऊन मरतेही. लोक करणी म्हणतात. आम्हीही पूर्वी तेच समजत होतो.

एका दुपारच्या तहानेने असे होत नाही. परंतु दोनतीन दिवसांची तहान असल्यास पाणी थोडेथोडे, वरचेवर पाजावे, आणि तोवर मिठाचा खडा पुढून काढावा. डहाणूच्या खाडीकाठी, जेथे विहिरी मचूळ होतात, तेथे गोड्या पाण्याची सोय आधीच करावी. झोकांडी दिसताच गुरांच्या डॉक्टरास बोलवावे.