तांडेल नसलेली होडी

ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस, ऐन दिवाळीच्या तोंडावर, मुंबईहून एक छोटी नौका तमिळनाडूतल्या तुतुकुडीकडे निघाली. दिल्लीत नौदलाचा ‘स्वावलंबन’ मेळावा भरला होता आणि तिथूनच संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांनी दूरदृश्य प्रणालीवरून तिला झेंडा दाखवला. नौकेचं नाव ‘मातंगी’. अंतर सुमारे दीड हजार किलोमीटर, आणि अट एकच: वाटेत कुणी सुकाणूला हात लावायचा नाही. या सफरीला ‘सागरमाला परिक्रमा’ असं नाव दिलं होतं. मातंगी बांधणारी सागर डिफेन्स इंजिनिअरिंग ही कंपनी महाराष्ट्रातलीच आहे.

नागपूरच्या माणसाला समुद्र कुठल्याही दिशेने पाचशे किलोमीटरच्या पलीकडे. त्यामुळे नकाशावर मुंबई-तुतुकुडी ही निळ्या रंगातली मोकळी रेघ वाटते. प्रत्यक्षात पश्चिम किनाऱ्यावर त्या दिवसांत गर्दी असते. जून-जुलैची मासेमारीबंदी उठून तीन महिने झालेले असतात आणि ट्रॉलर, पर्ससीनवाले, लहान यांत्रिक होड्या सगळे एकाच पाण्यात उतरलेले असतात. पालघर-रायगडकडे डोलीची जाळी रोवलेली असतात. त्यांच्या खुणा म्हणजे पाण्यावर डुलणारे बोये आणि एखादं फडकं लावलेली काठी. कोळ्यांचा तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, ही खूण लांबून ओळखतो. ओढ कुठल्या दिशेला आहे आणि जाळं पाण्याखाली कुठवर पसरलं असेल, हे तो विचार न करता ताडतो. ते यंत्राला शिकवणं फार कठीण आहे.

मानवरहित नौकेची खरी परीक्षा ती हीच, असं मला वाटतं. तिला दूरवरून हाकणं ही जुनी गोष्ट झाली. निकोला टेस्लाने १८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बिनतारी लहरींवर चालणारी छोटी होडी लोकांना दाखवली होती. नवं आहे ते नौकेने स्वतः ठरवणं. रडार, कॅमेरे, उपग्रहावरून मिळणारं स्वतःचं स्थान आणि मोठी जहाजं आपली ओळख सतत प्रसारित करतात ती एआयएस यंत्रणा, या सगळ्यांची माहिती एकत्र करून संगणक वाट काढतो. मोठं जहाज त्याला सहज दिसतं. पंचाईत होते ती लाकडी होडीची: रडारवर तिचा ठिपका अंधूक, लाटा उसळल्या की तोही हरवतो, आणि एआयएस बहुतेक लहान होड्यांवर नसतंच. ऑगस्ट २०२४ मध्ये पालघरला पंतप्रधानांनी मासेमारी नौकांवर एक लाख ट्रान्सपॉन्डर बसवण्याची योजना सुरू केली. ती वादळाच्या सूचनांसाठी आणि कोळ्यांच्या सुरक्षेसाठी आहे, पण स्वयंचलित नौकांचंही काम तिने सोपं होईल.

कायद्याचा पेच वेगळाच. समुद्रावरच्या टकरी टाळण्यासाठीच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमावलीतला पाचवा नियम सांगतो की प्रत्येक नौकेने सदैव डोळ्यांनी आणि कानांनी पहारा ठेवला पाहिजे. हा नियम लिहिताना डोळे-कान माणसाचेच असणार, याबद्दल कुणाला शंका नव्हती.

नौदलाला हे सगळं कशाला हवं, याचं एक उत्तर मुंबईलाच ठाऊक आहे. २००८ च्या नोव्हेंबरात हल्लेखोर ‘कुबेर’ नावाच्या पळवलेल्या मच्छीमार नौकेतून आले आणि शेवटचा टप्पा रबरी होडीने गाठून मच्छीमारनगरला उतरले. एवढ्या लांब किनाऱ्यावर रात्रंदिवस गस्त घालायची तर माणसं थकतात, आणि लाटांवर आपटणाऱ्या लहान बोटीत तर फार लवकर थकतात. २०२१ मध्ये नौदलाच्या मानवरहित यंत्रणांचा एकत्रित आराखडा जाहीर झाला. २०२२ च्या जुलैमध्ये देशी उद्योगांपुढे ७५ आव्हानं मांडली गेली आणि जानेवारी २०२३ मध्ये त्या मालिकेतला पन्नासावा करार सागर डिफेन्सशी झाला. विषय होता सशस्त्र स्वयंचलित नौकांचा थवा. थव्यातली एक नौका बुडाली तरी तिचं काम बाकीच्यांनी आपसांत वाटून घ्यायचं, अशी त्यामागची कल्पना.

बिनमाणसाच्या नौका काय करू शकतात ते काळ्या समुद्रात दिसलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये युक्रेनच्या ‘मागुरा’ नौकांनी रशियाची ‘इव्हानोवेत्स’ ही क्षेपणास्त्रवाहू युद्धनौका बुडवली. मागुराची लांबी जेमतेम साडेपाच मीटर. एवढ्या होडीत वजनाचा हिशेब किलोकिलोने करावा लागतो. स्फोटक जितकं जोरकस, तितकी इंधनाला जागा जास्त.

इथे नागपूर येतं. अमरावती रस्त्यावरच्या सोलर समूहातल्या इकॉनॉमिक एक्स्प्लोझिव्हज या कंपनीने ‘सेबेक्स-२’ हे स्फोटक तयार केलं आणि नौदलाने २०२४ मध्ये ते प्रमाणित केलं. त्याची ताकद टीएनटीच्या २.०१ पट. त्याच वर्षी याच कंपनीने ‘नागास्त्र-१’ हे लक्ष्याच्या वर घिरट्या घालून झेपावणारं मानवरहित अस्त्र लष्कराला द्यायला सुरुवात केली. ४८० ची मागणी, पहिला हप्ता १२० चा. मातंगीत नागपूरचा माल आहे असं मला म्हणायचं नाही. पण बिनमाणसाच्या युद्धाची चर्चा करताना १७ डिसेंबर २०२३ मला टाळता येत नाही. त्या दिवशी बाजारगावच्या सोलर कारखान्यात स्फोट होऊन नऊ कामगार गेले, त्यांत सहा महिला होत्या. तो माल क्षेपणास्त्रांचा नव्हता, खाणकामात लागणाऱ्या बूस्टरचा होता. तरी स्फोटकं हाताळणारे हात कुणाचे असतात, हे त्या दिवशी गावागावांत कळलं.

पाण्याखालची गोष्ट मात्र सर्वस्वी निराळी. वर गर्दीचा प्रश्न, खाली एकटेपणाचा. खाऱ्या पाण्यात रेडिओलहरी फारशा शिरत नाहीत, त्यामुळे उपग्रहावरून स्थान मिळत नाही आणि किनाऱ्याशी बोलताही येत नाही. ध्वनी जातो, सेकंदाला सुमारे दीड किलोमीटर. पण त्यावरून पाठवता येते ती माहिती तुटपुंजी. मग यंत्र होकायंत्र आणि तळाच्या संदर्भाने मोजलेला वेग यांवरून अंदाजाने चालतं. चूक साठत जाते आणि ती सुधारायला अधूनमधून वर यावं लागतं. गोव्यात दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने या शतकाच्या पहिल्या दशकात ‘माया’ नावाचं असं यान बनवलं. लांबी पावणेदोन मीटरच्या आसपास, वजन साधारण पंचावन्न किलो, खोली दोनशे मीटरपर्यंत. तिचं काम नागरी होतं: तापमान, क्षारता, प्राणवायू, हरितद्रव्य मोजत फिरायचं. पण पाण्याखाली एकट्याने वाट कशी शोधायची, हा धडा शास्त्रज्ञांना आणि नौदलाला सारखाच गिरवावा लागतो.

नौदलाची यातली निकड तर अधिकच. ‘आयएनएस कोझिकोड’ ही शेवटची सुरुंगशोधक नौका २०१९ मध्ये निवृत्त झाली आणि तिच्या जागी काही आलं नाही. मुंबई किंवा न्हावाशेवाच्या तोंडाशी चार सुरुंग पेरले गेले तर नुसत्या संशयानेच जहाजं थांबतील. विशाखापट्टणमच्या डीआरडीओ प्रयोगशाळेने २०२५ च्या नोव्हेंबरात माणसांना उचलून नेता येतील अशी छोटी यानं दाखवली. बाजूला ध्वनी फेकणारं सोनार आणि कॅमेरा वापरून ती तळावरचा संशयास्पद आकार स्वतः ओळखतात. त्याआधी, जुलैत, संरक्षण खरेदी परिषदेने सुरुंगविरोधी नौका आणि पाण्याखालची स्वयंचलित यानं या दोन्हींना प्राथमिक मंजुरी दिली होती. मंजुरीपासून गोदीपर्यंतची वाट आपल्याकडे किती लांब असते, हे सुरुंगशोधक नौकांच्या बाबतीत पुरेसं दिसलं आहे. निवड माझ्या हाती असती तर बंदूकवाल्या थव्याआधी मी हीच यानं मागवली असती. ती उचलायला दोन-चार नौसैनिक पुरतात, हरवली तरी कुणाचा जीव जात नाही, आणि बंदर बंद पडलं तर त्याची झळ नागपूरच्या संत्रा निर्यातदारापर्यंत पोचतेच.