छायाचित्रांतले ‘गॉन विथ द विंड’

कादंबरीवरून निघालेला चित्रपट पाहून आल्यावर आपल्यात एक वाद हमखास रंगतो. कोणीतरी म्हणतो, “पुस्तकात असे नव्हते!” दुसरा म्हणतो, “पडद्याची भाषा वेगळी.” दोघांचेही म्हणणे खरे असते, परंतु पुस्तक आणि पडदा या दोहोंमधला प्रवास मात्र दोघांनीही पाहिलेला नसतो. त्या प्रवासाचे साक्षीदार म्हणजे चित्रणाच्या वेळी काढलेली छायाचित्रे. ‘गॉन विथ द विंड’ हे त्याचे उत्तम उदाहरण होय.

मार्गारेट मिचेल यांची ही कादंबरी १९३६ साली प्रसिद्ध झाली आणि १९३७ साली तिला पुलित्झर पारितोषिक मिळाले. निर्माता डेव्हिड सेल्झनिक याने पन्नास हजार डॉलर मोजून तिचे चित्रपटाचे हक्क घेतले होते. १९३९ च्या डिसेंबरात चित्रपट पडद्यावर आला. सेल्झनिकला कागद टाकून देण्याची सवय नव्हती. त्याची पत्रे, टिपणे, रेखाटने आणि छायाचित्रे आज अमेरिकेतील ऑस्टिन येथे, टेक्सास विद्यापीठाच्या हॅरी रॅन्सम सेंटरमध्ये जतन केलेली आहेत. २०१४ साली, चित्रपटाला पंचाहत्तर वर्षे होत असताना, तेथे त्यांचे मोठे प्रदर्शन भरले होते.

ही छायाचित्रे म्हणजे फिल्मच्या पट्टीतून कापून काढलेले तुकडे, असा आपला समज असतो. तो बरोबर नाही. त्या काळी स्टुडिओत स्थिरचित्रे काढणारा छायाचित्रकार वेगळा असे. दृश्याचे चित्रण संपले, की नट त्याच्यासाठी पुन्हा तसेच उभे राहत. त्यामुळे छायाचित्रातला हात किंवा मानेचा कल पडद्यावरच्यापेक्षा थोडा निराळा आढळतो. शिवाय प्रत्येक छायाचित्राचे काम वेगळे. काही जाहिरातीसाठी, काही वेशभूषा व केशरचना पारखण्यासाठी, तर काही केवळ सातत्य राखण्यासाठी. चित्रपट कथेच्या क्रमाने चित्रित होत नाही. आज दार उघडले आणि महिन्याने त्या दारातून आत आले, तर कपाळावरची बट त्याच जागी हवी. ती कुठे होती, हे छायाचित्र सांगते.

आता १० डिसेंबर १९३८ ची रात्र पाहा. स्टुडिओच्या आवारातील जुनी नेपथ्ये पेटवून अटलांटा शहराची आग चित्रित करण्यात आली. पुढच्या चित्रणाला जागा मोकळी झाली आणि दृश्यही मिळाले. त्या रात्रीच्या दृश्यांत ज्वाळांपुढून घोडागाडी जाते. गाडीत स्कार्लेट आणि ऱ्हेट आहेत असे आपण मानतो. वस्तुतः ते बदली कलाकार होते. स्कार्लेटची भूमिका कोणी करायची हे त्या रात्रीपर्यंत जाहीरच झाले नव्हते! पुढे ती मिळाली विव्हियन ली हिला. तिचा जन्म १९१३ साली आपल्या दार्जिलिंगचा.

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. कादंबरीच्या आरंभी स्कार्लेट हिरव्या फुलांच्या मलमलीच्या पोशाखात ओसरीवर बसलेली आहे. चित्रपटात मात्र ती पांढऱ्या झालरींच्या पोशाखात दिसते. मग “पुस्तकात असे नव्हते” म्हणणारा जिंकला काय? थांबा. ते दृश्य आधी हिरव्या फुलांच्या पोशाखातच चित्रित झाले होते. त्याची छायाचित्रे उपलब्ध आहेत. पुढे सेल्झनिकला ती अधिक कोवळी, निरागस दिसावी असे वाटले आणि दृश्य पुन्हा घेतले गेले. म्हणजे कादंबरीशी इमान राखणारे दृश्य पडद्यावर नाही, ते छायाचित्रात उरले आहे. बदल अज्ञानातून झाला की विचारपूर्वक, हे ठरवायला याहून चांगला पुरावा कोणता?

परंतु छायाचित्र सगळेच सांगते असेही नाही. मॅमीची भूमिका करणारी हॅटी मॅकडॅनिएल हिची अनेक छायाचित्रे आहेत. १५ डिसेंबर १९३९ रोजी अटलांटा येथे झालेल्या पहिल्या खेळाच्या छायाचित्रांत मात्र ती नाही. जॉर्जिया राज्यातील वर्णभेदाच्या कायद्यांमुळे कृष्णवर्णीय कलाकारांना त्या समारंभाला येता आले नाही. दक्षिणेत वाटलेल्या स्मरणिकेतूनही तिचे चित्र वगळले गेले. पुढे २९ फेब्रुवारी १९४० रोजी तिला ऑस्कर मिळाले. हा मान मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय व्यक्ती. पण त्या रात्री तिला सहकलाकारांपासून दूर, वेगळ्या टेबलावर बसावे लागले. हातात सन्मान घेतलेली तिची हसरी मुद्रा आपण पाहतो. ते टेबल चौकटीच्या बाहेर राहते.

ते चौकटीबाहेरचे पाहायचे तर कागद वाचावे लागतात. कादंबरीने दक्षिणेतील गुलामगिरीला सुखाचा मुलामा दिला आहे, हा आक्षेप चित्रपट तयार होण्याआधीपासूनच घेतला जात होता. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या संघटनेचे वॉल्टर व्हाइट यांनी सेल्झनिकशी पत्रव्यवहार केला होता. परिणामी एक अपमानकारक शब्द आणि कू क्लक्स क्लॅनचे नाव पटकथेतून गळाले. मुलामा मात्र राहिला. २०२० साली हा चित्रपट एका अमेरिकन स्ट्रीमिंग सेवेने काही दिवस मागे घेऊन प्रास्ताविकासह पुन्हा दाखवला, तो याच जुन्या प्रश्नामुळे.

आपण साहित्याचे विद्यार्थी पाठभेद पाहतो. हस्तलिखितातली खाडाखोड तपासतो. चित्रपटाची खाडाखोड या छायाचित्रांत सापडते. ती पाहताना दोन प्रश्न विचारावेत : हे चित्र कोणी, कशासाठी काढले? आणि या चौकटीत कोण असायला हवे होते, पण नाही? पहिल्याचे उत्तर बहुधा छायाचित्रातच मिळते. दुसऱ्यासाठी ग्रंथालयाची पायरी चढावी लागते.