संवाद : स्वतःशी, परस्परांशी आणि समाजाशी

मनुष्य हा बोलणारा प्राणी आहे, असे आपण शाळेत शिकलो. परंतु बोलणे आणि संवाद करणे या दोन गोष्टी एकच नव्हेत. संवादाला सांगणारा लागतो, ऐकणारा लागतो आणि दोघांनाही समजेल असा अर्थ लागतो. त्याहून महत्त्वाची चौथी गोष्ट म्हणजे उत्तर देण्याची मुभा. ज्याला निमूटपणे ऐकावेच लागते त्याच्याशी जे होते त्याला संवाद म्हणत नाहीत, हुकूम म्हणतात.

हा फरक आपल्या समाजाला पुस्तकातून शिकावा लागला नाही. जुन्या गावगाड्यात महार वतनदाराकडे जी कामे होती, त्यांतील कितीतरी कामे निरोपाची होती. पाटलाचा सांगावा घरोघर पोहोचविणे, सरकारी कागद परगावी नेणे, मयताची वार्ता पायी चालत जाऊन सोयऱ्याधायऱ्यांना कळविणे, आल्यागेल्या अंमलदाराला वाट दाखविणे आणि शिवेचा तंटा उभा राहिला तर गावची हद्द कोठून जाते ते सांगणे. हलगी वाजवून दवंडी देण्याचे कामही महार-मांगांकडेच असे. म्हणजे साऱ्या गावाचे दळणवळण ज्यांच्या पायांवर आणि आवाजावर चालत होते, त्यांनाच स्वतःचे म्हणणे चावडीत बसून मांडता येत नव्हते. शिवेबद्दल त्यांची साक्ष ग्राह्य धरली जाई, पण स्वतःच्या पिण्याच्या पाण्याबद्दल ते काय म्हणतात हे कोणी ऐकत नसे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी सुरू केलेल्या पाक्षिकाला 'मूकनायक' हे नाव का दिले, ते यावरून ध्यानात येते. समाजाला आवाज होता. तो दुसऱ्याच्या कामाला जुंपलेला होता, एवढेच.

प्रस्तुत लेखात संवादाचे मुख्य प्रकार आपल्या जीवनातील उदाहरणांसह समजून घ्यावयाचे आहेत.

१. स्वतःशी संवाद

लहान मूल खेळताना एकटेच मोठ्याने बोलत असते. "आता ही गाडी इथं लावायची, न्हाई न्हाई, तिथं." रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह व्हिगोत्स्की (१८९६-१९३४) यांनी असे प्रतिपादन केले की, मूल आधी इतरांशी बोलावयास शिकते, मग तेच बोलणे स्वतःकडे वळविते आणि पुढे ते बोलणे आवाजावाचून मनात चालू राहते. याचा अर्थ पालकांनी नीट लक्षात घेतला पाहिजे. ज्या मुलाने घरीदारी "तुला काय कळतंय", "तुझ्याच्यानं व्हायचं न्हाई" एवढेच ऐकले, ते मोठेपणी स्वतःशीही त्याच भाषेत बोलू लागते. बाहेरचा बोलणारा निघून जातो, त्याचे शब्द मात्र आत मुक्काम करतात.

स्वतःशी चांगला संवाद कसा करावा, याचा एक फार सोपा पाठ मज्झिम निकायात आहे. भगवान बुद्धांनी राहुलाला विचारले की आरसा कशासाठी असतो? पाहण्यासाठी, असे राहुलाने उत्तर दिले. त्याचप्रमाणे कायेने, वाचेने व मनाने करावयाच्या प्रत्येक कर्माकडे पाहावे, असा उपदेश बुद्धांनी केला. कर्म करण्यापूर्वी पाहावे, करीत असताना पाहावे आणि करून झाल्यावरही पाहावे. यातून मला, दुसऱ्याला किंवा दोघांना दुःख होणार आहे काय, हा प्रश्न विचारावा. वाणीने किंवा कृतीने अकुशल घडले असेल, तर ते शास्त्याजवळ किंवा जाणत्या सोबत्याजवळ उघड करावे, असेही तेथे सांगितले आहे. म्हणजे स्वतःशी केलेला संवाद शेवटी दुसऱ्या माणसापर्यंत पोहोचतो. सम्राट अशोकाने आपल्या भाब्रू येथील लेखात ज्या धम्मग्रंथांची शिफारस केली आहे, त्यांत असत्य भाषणाविषयी राहुलाला केलेल्या उपदेशाचा उल्लेख आहे.

पंचशील ग्रहण करताना आपण 'समादियामि' असे म्हणतो. या एका शब्दात 'मी स्वीकारतो' असा अर्थ आहे. कोणी आपल्याला आज्ञा करीत नाही, आपणच आपल्याला वचन देतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञाही 'मी' या कर्त्यानेच उच्चारावयाच्या आहेत. प्रतिज्ञा हा संवादाचा विशेष प्रकार आहे. ती बोलावयाची असते स्वतःशी, पण मोठ्याने, चारचौघांच्या देखत. त्यामुळे समाज तिचा साक्षीदार होतो.

आपल्या आयाबायांना स्वतःशी बोलण्याची जागा जात्यापाशी होती. जे सासूला सांगता येत नाही, नवऱ्याला सांगता येत नाही, ते पहाटे ओवीत सांगितले जाई. पुढे याच ओव्यांत बाबासाहेब आले, रमाई आली. शेजारच्या बीड जिल्ह्यातील माजलगावच्या भीमनगरातील स्त्रियांच्या अशा ओव्या हेमा राईरकर व गी पॉइतवाँ यांच्या उपक्रमात १९९६ साली ध्वनिमुद्रित झाल्या. जी बाई सभेत कधी बोलली नाही, तिचेही म्हणणे त्यामुळे आज ऐकता येते.

२. दोघांमधील संवाद

दोन माणसांच्या संवादाचा आरंभ हाक मारण्यापासून होतो. जुन्या काळी पांढऱ्या केसांच्या माणसालाही गावातील पोर 'अरे-तुरे' करी आणि त्या माणसाने मात्र वाकून जोहार घालावयाचा, अशी रीत होती. जोहार एकाच बाजूने घातला जाई. 'जयभीम'चे तसे नाही. जयभीम म्हणणारे समोरासमोर ताठ उभे असतात आणि उत्तरही त्याच शब्दाने येते. एका अभिवादनाने बोलणाऱ्या दोघांची उंची सारखी केली, हे त्याचे मोठे सामर्थ्य आहे.

काय बोलावे व काय टाळावे, यासाठी सम्यक वाचेची कसोटी आहे. खोटे बोलू नये, चहाडी करू नये, कठोर बोलू नये, वायफळ बडबड करू नये. परंतु सत्य कटू असेल तर काय करावे? अभय राजकुमाराशी झालेल्या संभाषणात याचा उलगडा आहे. जे खोटे किंवा निरुपयोगी आहे ते ऐकणाऱ्याला आवडणारे असले तरी तथागत बोलत नाहीत. जे खरे आहे व हिताचे आहे ते न आवडणारे असले तरी बोलतात, मात्र योग्य वेळ पाहून. मुलगा नापास झाला त्याच संध्याकाळी त्याच्या अभ्यासाचा हिशोब मांडणाऱ्या बापाचे म्हणणे खरे असेल, पण वेळ चुकलेली असते.

प्रश्नाला उत्तर देण्याचे चार प्रकार अंगुत्तर निकायात सांगितले आहेत. विद्यार्थ्यांनी ते पाठच करावेत.

पहिला प्रकार सरळ उत्तराचा. "तेरला पाऊस झाला का?" याचे उत्तर हो किंवा नाही.

दुसरा प्रकार फोड करून उत्तर देण्याचा. "शिकलेली मुलं आईबापाला इचारत न्हाईत, खरं का न्हाई?" येथे हो म्हटले तरी चूक, नाही म्हटले तरी चूक. कोण विचारतो, कोण विचारत नाही, याची फोड करावी लागते.

तिसरा प्रकार उलट प्रश्न विचारण्याचा. "मला नोकरी लागेल का?" असे विचारणाऱ्याला आधी विचारले पाहिजे की, कोणत्या परीक्षेला बसला आहेस आणि तयारी किती झाली?

चौथा प्रकार प्रश्न बाजूला ठेवण्याचा. ज्या प्रश्नाचे उत्तर कोणाचेही दुःख कमी करीत नाही, त्यावर वाद घालीत बसू नये. जग शाश्वत आहे की अशाश्वत, असे प्रश्न बुद्धांनी बाजूला ठेवले, ते याच कारणाने.

३. शब्दांवाचून होणारा संवाद

माणूस तोंड बंद ठेवूनही पुष्कळ बोलतो. अस्पृश्यता ही तर जवळजवळ संपूर्णपणे शब्दांवाचून बोलली जाणारी भाषा होती. ओंजळीत वरून पाणी ओतणे, हॉटेलात निराळी कपबशी ठेवणे, चावडीच्या पायरीखाली उभे करणे, वस्तू हातात न देता खाली टाकणे, या प्रत्येक कृतीचा अर्थ दोन्ही बाजूंना नेमका कळत असे. भारतीय संविधानाच्या १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली आणि तिचे कोणत्याही स्वरूपातील आचरण निषिद्ध ठरविले. 'कोणत्याही स्वरूपातील' हे शब्द महत्त्वाचे आहेत, कारण त्यात ही मुकी भाषाही येते.

या मुक्या भाषेला उत्तरही कृतीनेच द्यावे लागले. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेबांनी प्राशन केले. पाणी पिण्याची ती साधी कृती देशभर ऐकू गेली.

४. सभेतील संवाद

अनेकांनी एकत्र बसून विचार करणे हा संवादाचा कठीण प्रकार आहे, कारण तेथे मोठ्या आवाजाचा माणूस इतरांना सहज दडपून टाकतो. भिक्खू संघाने यासाठी नियम केले होते. प्रस्ताव आधी मांडावयाचा, महत्त्वाच्या बाबतीत तो तीनदा उच्चारावयाचा, ज्याची हरकत असेल त्याने बोलावयाचे आणि सर्व गप्प राहिले तर संमती मानावयाची. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतील भाषणात बाबासाहेबांनी संघाच्या या संसदीय पद्धतीचा आवर्जून उल्लेख केला होता.

आपल्या जिल्ह्याला या बाबतीत अभिमान वाटावा अशी घटना कसबे तडवळे येथे घडली. दिनांक २२ व २३ फेब्रुवारी १९४१ रोजी तेथे बाबासाहेबांच्या उपस्थितीत महार-मांग वतनदार परिषद भरली. त्या वेळी आजूबाजूचा बराच मुलूख निजामाच्या राज्यात होता. त्या राज्यात कारभाराची भाषा उर्दू आणि येथील रयतेची भाषा मराठी, त्यामुळे सरकारी कागदात काय लिहिले आहे हे बहुसंख्य लोकांना कळतच नसे. अशा काळात, पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांचे निरोप वाहणारे लोक आपल्याच कामाविषयी बोलण्यासाठी जमले. त्यातही महार आणि मांग हे दोन समाज एका मांडवाखाली बसले. वरच्यांशी संघर्ष करण्याआधी शेजाऱ्याशी बोलावे लागते, हा धडा त्या परिषदेच्या नावातच आहे. आजच्या कार्यकर्त्यांनी तो विसरता कामा नये.

५. जनसंवाद

एकाने हजारोंशी बोलणे म्हणजे जनसंवाद. अशोकाने तो शिलालेखांतून केला. कलिंगातील लेखांत, हा लेख ठरावीक तिथींना लोकांना वाचून दाखवावा, प्रसंगी एकटा माणूस असला तरी त्याला ऐकवावा, अशी सूचना आहे. ज्याला वाचता येत नाही त्याचाही विचार राजाने केला होता.

बाबासाहेबांनी 'मूकनायक' नंतर १९२७ मध्ये 'बहिष्कृत भारत', १९२८ मध्ये 'समता', १९३० मध्ये 'जनता' ही पत्रे काढली. 'जनता'चेच १९५६ मध्ये 'प्रबुद्ध भारत' झाले. नावांचा हा क्रम वाचला तरी समाजाचा प्रवास कळतो. मुक्यापासून प्रबुद्धापर्यंत छत्तीस वर्षे लागली. जेथे अक्षर पोहोचत नव्हते तेथे जलसे पोहोचले. भीमराव कर्डकांचे जलसे आणि वामनदादा कर्डकांची गाणी यांनी विचार लोकांच्या ओठांवर आणला.

आज प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे आणि दवंडी देण्यासाठी कोणाच्या परवानगीची गरज उरलेली नाही. पण जबाबदारी वाढली आहे. केवळ ऐकीव आहे म्हणून, परंपरेने आले म्हणून, सांगणारा मोठा आहे म्हणून मान्य करू नका, असे बुद्धांनी कालामांना सांगितले. आलेला मजकूर पुढे ढकलण्यापूर्वी हीच कसोटी लावावी. पूर्वीचा निरोप्या निरोप नेण्यास बांधलेला होता. आपण बांधलेले नाही.

६. संवाद तुटतो तेव्हा

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झालेल्या भूकंपाने किल्लारी आणि आपल्या जिल्ह्यातील सास्तूर परिसर उद्ध्वस्त केला. त्यानंतर अनेक गावे नव्या जागी वसविण्यात आली. घरे मिळाली, रस्ते रुंद झाले, परंतु जुन्या बोळांत दारासमोर दार होते आणि ओट्यावर बसून सुखदुःख बोलता येत होते, तशी जवळीक एकदम कोठून येणार? घर बांधता येते, शेजार मात्र बोलत बोलत वाढवावा लागतो.

आज आपल्या जिल्ह्यात दुसरी आपत्ती आवाज न करता येत असते. कर्ज, नापिकी आणि अवर्षण यांनी गांजलेला शेतकरी घरात कोणाशी बोलत नाही. स्पर्धा परीक्षेसाठी पुण्यात राहणारा मुलगा फोनवर "सगळं ठीक आहे" एवढेच सांगतो. माणूस फक्त स्वतःशी, आणि तेही कठोर शब्दांत बोलू लागला की धोका सुरू होतो. अशा वेळी जवळच्याने उपदेशाची घाई करू नये. शेजारी बसावे, "मनात काय चाललंय?" असे विचारावे आणि उत्तर येईपर्यंत थांबावे. शासनाची 'टेली-मानस' ही मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र उपलब्ध आहे. हा क्रमांक प्रत्येक विहारात व वसतिगृहात ठळक अक्षरांत लावावा.

विद्यार्थी मित्रांनी रोज रात्री दहा मिनिटे वही उघडून राहुलाच्या आरशात पाहावे. आठवड्यातून एकदा घरातील वडीलधाऱ्यांना त्यांच्या काळाविषयी विचारावे आणि ते बोलत असताना मध्ये बोलू नये. विहारातील वंदना झाल्यावर अर्धा तास सर्वांनी, विशेषतः महिलांनी व लहान मुलांनी, बोलण्यासाठी राखून ठेवावा. ज्यांच्या पूर्वजांनी जन्मभर दुसऱ्यांचे निरोप वाहिले, त्यांच्या घरात आता कोणीही मुके राहता कामा नये, आणि ज्याचे ऐकायला कोणी नाही असा माणूसही आपल्या वस्तीत असता कामा नये.