दोघांची वेळ एकच

ब्रिटनमध्ये ऑक्टोबरच्या अखेरीस दिवस लहान होतात आणि थंड पावसाची झड सुरू होते. नेमक्या याच दिवसांत तेथील डोंगरमाळांवर दोन दिवसांची एक दौड भरते. ‘ओरिजिनल माउंटन मॅरेथॉन’ या नावाने ती आज ओळखली जाते. जेरी चार्नली यांच्या पुढाकाराने १९६८ साली यॉर्कशायरमधील म्यूकर या खेड्यात तिचा आरंभ झाला. दोघांनी जोडीने धावणे हा या स्पर्धेचा पाया आहे.

रस्ता नसलेली दौड

शहरातील मॅरेथॉनमध्ये रस्ता आखलेला असतो. ठिकठिकाणी पाण्याचा पेला हाती मिळतो. येथे यांपैकी काहीच नसते. नकाशावर केवळ चेकपॉइंट दाखवलेले असतात. ते होकायंत्राच्या साह्याने शोधत पुढे जायचे. तंबू, स्लीपिंग बॅग, स्टोव्ह आणि दोन्ही दिवसांचे अन्न स्वतःच्याच पाठीवर वाहायचे.

उत्तर इंग्लंडमधील अशा ओसाड माळाला ‘मूर’ म्हणतात. तेथे हेदरची दाट झुडपे व ओल्या गवताचे उंचवटे असतात आणि त्यांखाली पीटचा काळा थर असतो. पीट म्हणजे पाण्यात अर्धवट कुजून साचलेले शेवाळ आणि गवत. हा थर वर्षाकाठी जेमतेम एक मिलिमीटर वाढतो. वरून हिरवीगार दिसणारी जमीन पाय ठेवताच घोट्यापर्यंत, कधी मांडीपर्यंतही आत ओढून घेते. धुके उतरले की काही पावलांपलीकडचे दिसत नाही. नकाशावर बोटभर दिसणारे अंतर मग तासभर संपत नाही.

ओझ्याची वाटणी

तंबू एकच असतो. त्याचे कापड एकाच्या पाठीवर, तर दांड्या दुसऱ्याच्या पाठीवर. ज्याच्या अंगात त्या दिवशी अधिक बळ, त्याने अधिक भार उचलावा, ही समजूत निघण्यापूर्वीच झालेली असते. जोडीने सतत एकत्र राहायचे असते आणि दोघेही पोहोचल्यावाचून वेळेची नोंद पूर्ण होत नाही. त्यामुळे पुढे निघून गेलेल्याच्या वेगाला काही मोल उरत नाही. मागे राहिलेल्याची चाल हीच जोडीची चाल ठरते.

सोबत्याची नजर

या नियमामागे स्पर्धेपलीकडचे कारणही आहे. भिजलेले अंग, बोचरा वारा आणि थकवा एकत्र आले की शरीराचे तापमान ३५ अंश सेल्सियसच्या खाली उतरू शकते. या अवस्थेला हायपोथर्मिया म्हणतात. जीभ जड होते, पाऊल अडखळते, माणूस विनाकारण चिडतो, जॅकेटची चेन बोटांना लावता येत नाही. मात्र विचारशक्तीही मंदावल्यामुळे ज्याला त्रास होत असतो, तोच ‘मी ठीक आहे’ असे सांगत राहतो. अशा वेळी धोका सोबत्याच्या लक्षात येतो. तो थांबवतो, कोरडे कपडे चढवतो, तंबू उभारतो, काहीतरी गरम पोटात घालतो. एकट्या धावणाऱ्याला हा आधार नसतो.

२००८ साली ही स्पर्धा लेक डिस्ट्रिक्टमधील बॉरोडेल खोऱ्यात भरली होती. पहिल्याच दिवशी मुसळधार पाऊस व वादळ झाल्यामुळे आयोजकांना ती मध्येच थांबवावी लागली. रस्ते पाण्याखाली गेले. शेकडो स्पर्धकांचा ठावठिकाणा लागत नसल्याच्या बातम्या रात्रभर येत राहिल्या. प्रत्यक्षात अनेक जोड्यांनी डोंगरातच तंबू ठोकले होते, तर काहींनी शेतांवरील कोठारांत आणि हॉनिस्टरच्या पाटीदगडाच्या खाणीत आसरा घेतला होता. पाठीवरच्या ज्या ओझ्याने दिवसभर दमवले, तेच त्या रात्री कामी आले. एकाही स्पर्धकाचा जीव गेला नाही.

आधीचा शब्द

भागीदारीचा करारनामा धंदा सुरळीत असतानाच लिहिलेला बरा, हे व्यापारी कुटुंबांना सांगावे लागत नाही. माळावर उतरणाऱ्या जोडीलाही हाच विवेक उपयोगी पडतो. वेग किती ठेवायचा, खाण्यासाठी केव्हा थांबायचे, कोणत्या स्थितीत परतायचे, हे अंग कोरडे आणि मन शांत असतानाच ठरवलेले बरे. दोघांपैकी एकाने ‘आता परत फिरू’ म्हटले, तर दुसऱ्याने वाद न घालता वळावे. माळ पुढील वर्षीही तेथेच असतो.