खिडकीतली मेणबत्ती

इंग्लंडच्या कॉर्नवॉल किनाऱ्यावरील न्यूलिन हे कोळ्यांचे गाव. तेथे राहून फ्रँक ब्रॅम्ले याने १८८८ साली रंगविलेले ‘अ होपलेस डॉन’, म्हणजे आशा मावळलेली पहाट, हे चित्र लंडनच्या टेट संग्रहालयाचे आहे. समुद्रावर गेलेल्या नवऱ्याची रात्रभर वाट पाहिलेली तरुणी वृद्धेच्या मांडीवर कोसळली आहे. बुडणारे गलबत रंगविले असते, तर चित्र इतके जिव्हारी लागते ना. रात्र किती लांबली, हे सांगतात त्या घरातल्या वस्तू: मेजावरचे पांढरे वस्त्र, उघडे राहिलेले बायबल आणि खिडकीत जळून संपलेली मेणबत्ती. परतणाऱ्याला घर ओळखू यावे, म्हणूनच ती तेथे ठेवली असावी. आता पहाटेचा करडा उजेड आत येतो आहे. त्यात खवळलेला समुद्र तेवढा दिसतो.